हॉट योगाला जाताय? आधी गोळ्यांची पट्टी दाखवा

संभाजीनगरात गारखेड्याकडे माझं मेडिकलचं दुकान आहे. हल्ली काउंटरवर एक नवाच प्रश्न येतो, "मॅडम, ते हॉट योगा चालू करू का?" हॉट योगा म्हणजे मुद्दाम तापवलेल्या बंद खोलीत करायची आसनं. विचारणाऱ्याच्या एका हातात बीपीच्या गोळ्यांची पट्टी असते, दुसऱ्या हातात मोबाइल आणि मोबाइलवर स्टुडिओची जाहिरात. मी स्वतः जाते हे गल्लीत सगळ्यांना माहीत, म्हणून मलाच विचारतात. दिवसभर उभं राहून कंबर आणि पोटऱ्या धरायच्या, त्यासाठी मी सुरू केलं, आता आवडतं म्हणून जाते. पण प्रत्येकाला काउंटरवर सगळं सांगत बसले तर मागचं गिऱ्हाईक खोळंबतं. म्हणून एकदाच नीट लिहून काढते.

माझी आत्या लातूरकडची. तिला कळलं तेव्हा फोनवर म्हणाली, "उन्हाळ्यात पत्र्याखाली बस की गं, पैशे कशाला द्यायलीस?" तिचा मुद्दा वरवर बिनतोड आहे, पण पत्र्याखालची उष्णता आणि त्या खोलीतली उष्णता एक नाही. आपल्याकडचा मे महिना कोरडा. घाम येतो आणि आल्या आल्या उडून जातो, मागे शर्टावर मिठाचे पांढरे डाग राहतात. घाम उडतो म्हणूनच अंग थंड राहतं. हॉट योगाच्या खोलीत मात्र मुद्दाम दमट हवा ठेवतात, वर पंधरा-वीस माणसांचे श्वास. तिथे घाम उडत नाही, नुसता गळतो. आणि गळून चटईवर पडलेला घाम अंगाला काडीचा थंडावा देत नाही. म्हणजे खोलीतले ४० अंश हे आपल्या अंगणातल्या ४० अंशांपेक्षा जड जातात.

मूळ प्रकार कोणता ते थोडक्यात. कोलकात्याच्या बिक्रम चौधरींनी अमेरिकेत जाऊन हा क्रम गाजवला. दोन श्वसनक्रिया धरून २६ प्रकार, बहुतेक आसनं दोनदोनदा, ९० मिनिटं, खोलीचं तापमान साधारण ४०.५ अंश आणि आर्द्रता ४० टक्के. पुढे त्यांच्यावर लैंगिक छळाचे आरोप झाले, २०१६ मध्ये लॉस एंजेलिसच्या ज्यूरीने त्यांच्याच माजी कायदा सल्लागार बाईंच्या बाजूने निकाल दिला, आणि पुष्कळ स्टुडिओंनी त्यांचं नाव पाटीवरून उतरवलं. आसनांचा क्रम मात्र राहिला. त्यावर कुणाची मालकी सांगता येत नाही, असं तिथल्या अपील न्यायालयाने २०१५ मध्येच स्पष्ट केलं होतं. आपल्याकडे 'हॉट योगा' नावाखाली काय मिळेल याचा नेम नाही. कुठे हाच क्रम तासाभरात आटोपतात, कुठे हीटर लावून सूर्यनमस्कार घालतात, कुठे तर खिडक्या बंद करतात आणि त्यालाच हॉट म्हणतात.

सवयीचा भरवसा

"आपल्याला काय, उन्हाची सवय आहे," हे वाक्य मी रोज ऐकते. खरी सवय शरीरात घडावी लागते. रोज उष्णतेत अंग हलवलं तर साधारण एक ते दोन आठवड्यांत ती येते: रक्तातला पाण्याचा अंश वाढतो, घाम लवकर सुटतो, घामातून मीठ कमी जातं. आणि उष्णता सुटली की काही आठवड्यांत ही सवय उतरतेही. वसमतकडे मार्चच्या उन्हात हळद काढणाऱ्या बाईला ती असते. पंख्याखाली नाहीतर एसीत बसणाऱ्या तुम्हाआम्हाला ती नसते, आपण मराठवाड्यात जन्मलो एवढंच. तेव्हा पहिले दोन आठवडे निम्मा वर्ग करायचा, उरलेला वेळ चटईवर बसून काढायचा, आणि याची लाज वाटू द्यायची नाही.

आता पट्टी काढा

हा भाग मी मुद्दाम लांबवते आहे, कारण स्टुडिओच्या फॉर्मवर 'काही आजार आहे का' एवढी एकच ओळ असते आणि आपली माणसं तिथे 'नाही' लिहून मोकळी होतात. बीपी म्हणजे काही आजार नव्हे, असंच पुष्कळांचं मत आहे.

बीपीच्या काही गोळ्यांत लघवीची गोळी मिसळलेली असते, हे पुष्कळदा घेणाऱ्यालाच माहीत नसतं. नावाच्या शेवटी एच किंवा एचसीटी असं काही दिसलं तर विचारून घ्या. ती गोळी पाणी आणि मीठ बाहेर काढते, खोलीही तेच करते. दोन्ही एकत्र आले की उभं राहताना डोळ्यांपुढे अंधारी. अ‍ॅटेनोलॉल, मेटोप्रोलॉल या जातीच्या गोळ्या हृदयाचे ठोके वाढू देत नाहीत. उष्णतेत तर ठोके वाढवूनच शरीर रक्त त्वचेकडे धाडत असतं. साखरेसाठी इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड घेत असाल तर व्यायामाने साखर एकदम उतरू शकते, आणि इन्सुलिन गरम अंगात लवकर भिनतं. त्यात पंचाईत अशी की साखर उतरल्याची लक्षणं म्हणजे घाम, थरथर, धडधड. त्या खोलीत हे सगळं सगळ्यांनाच होत असतं, ओळखणार कसं? मनाच्या आजारासाठी लिथियम घेणाऱ्यांनी तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय दारातही जाऊ नये, कारण अंगातलं पाणी आणि मीठ कमी झालं की रक्तात त्याचं प्रमाण चढतं.

आणि ते गुडघ्यासाठी 'जाण्याआधी एक डायक्लोफिनॅक टाकतो' म्हणणारे काका. अंगात पाणी कमी असताना या जातीची वेदनाशामकं मूत्रपिंडाला जड पडतात. शिवाय दुखणं दबलं की आपण जास्त ताणतो. गुडघा दुखत असेल त्या दिवशी घरी बसा.

यातली कुठलीही गोळी योगासाठी आपल्या मनाने बंद करायची नाही. पट्टी घेऊन डॉक्टरांकडे जायचं आणि विचारायचं. गरोदर बायकांनी जाऊच नये. सुरुवातीच्या महिन्यांत अंगाचं तापमान फार चढलं तर बाळाच्या पाठीच्या कण्याच्या वाढीला धोका असतो. हृदयविकार, फिट्स, मुतखड्याची खोड, नुकताच होऊन गेलेला ताप किंवा जुलाब, यांनीही आधी विचारावं. हिमोग्लोबिन कमी असलेल्या बायका आपल्याकडे घरटी एक सापडेल. चक्कर येते म्हणून योगा लावायचा विचार असेल तर आधी रक्त तपासा.

स्टुडिओ बघताना

वर्ग चालू नसताना जाऊ नका, चालू असताना जा. खोलीत तापमान आणि आर्द्रता दाखवणारं यंत्र भिंतीवर आहे का बघा. नसेल तर अंदाजपंचे काम चाललंय. "आमच्याकडे ४५ पर्यंत नेतो," असं अभिमानाने सांगणारे भेटतात. मी तिथून नमस्कार करून परत आले. हीटर विजेचा असावा. बंद खोलीत गॅसचा किंवा कोळशाचा जाळ म्हणजे कार्बन मोनॉक्साइडचा धोका, त्याला ना वास ना रंग. लाइट गेली तर काय करता, हेही विचारा. दार उघडून सगळ्यांना बाहेर काढतो, हे उत्तर बरोबर. इन्व्हर्टरवर हीटर चालत नाही, खोलीत पंखाही नसतो, अशा अंधाऱ्या दमट खोलीत थांबायचं कारण नाही.

सगळ्यात महत्त्वाचं, मध्येच बाहेर पडू देतात का? एका ठिकाणी शिक्षक ओरडून सांगत होते, "दार उघडायचं नाही, उष्णता जाते!" उष्णता गेली तर परत येईल. अशा ठिकाणी पैसे भरू नका.

'शरीरातली विषं घामावाटे जातात' असं कुणी सांगितलं तर हसून सोडून द्या. घामात मुख्यतः पाणी आणि मीठ असतं, विषं काढायला यकृत आणि मूत्रपिंडं आहेत. 'चरबी वितळते' हेही तसंच. कोलोरॅडो स्टेट विद्यापीठात मोजलं तेव्हा ९० मिनिटांच्या वर्गात पुरुषांनी सरासरी ४६० आणि बायकांनी ३३० कॅलरी खर्च केल्या, म्हणजे भरभर चालण्याएवढ्या. काट्यावर किलोभर कमी दिसतं ते पाणी, ताक प्यायलं की परत येतं. रक्तवाहिन्यांच्या लवचिकतेवर टेक्सासमध्ये अभ्यास झाला, तो २०१८ मध्ये छापून आला. त्यात हाच क्रम एका गटाने ४०.५ अंशांत केला, दुसऱ्याने २३ अंशांत, बारा आठवडे. फायदा दोघांना झाला, गरम खोलीने वेगळी भर घातली नाही. मग मी का जाते? गरम हवेत माझी कंबर लवकर सुटते, घामेजून बाहेर आल्यावर मस्त वाटतं, आणि तासभर मोबाइल वाजत नाही. आवड म्हणून जायला माझी काही हरकत नाही. औषध म्हणून जात असाल तर साध्या खोलीतली आसनं तितकंच काम करतील.

पाणी, मीठ आणि पंचा

पाणी वर्गाच्या दहा मिनिटं आधी ढोसून उपयोग नाही, पोटात डचमळतं. आदल्या संध्याकाळपासून नेहमीपेक्षा थोडं जास्त प्या, वर्गाच्या दोन-तीन तास आधी अर्धा लिटर, मग घोट घोट. सकाळी सहाच्या बॅचला हे जमत नाही, रात्रभरात अंग कोरडं पडलेलं असतं. म्हणून नवीन माणसाने संध्याकाळची बॅच घ्यावी. लघवीचा रंग फिका पिवळसर असला की जायला हरकत नाही, गडद असेल तर त्या दिवशी नको. चतुर्थी, एकादशी, नवरात्रातले कडक उपास, रोजे, या दिवसांत सुट्टी. माझ्या बॅचमधल्या दोघी रमजानचा महिना येतच नाहीत आणि ईदनंतर पुन्हा निम्म्या वर्गापासून सुरू करतात.

दुपारी भाकरी-भाजी खाऊन तीन तासांनी वर्ग उत्तम. मध्ये भूक लागली तर एक केळं, अर्धापुरी मिळालं तर काय विचारता.

वर्ग झाल्यावर नुसतं पाणी लिटरवारी पिऊ नका. घामातून मीठही गेलेलं असतं आणि वरून नुसतं पाणी ओतलं तर रक्तातलं सोडियम आणखी पातळ होतं. आधी-नंतर वजन करा. एक किलो कमी झालं म्हणजे साधारण एक लिटर घाम गेला. पुढच्या तीन-चार तासांत त्याच्या दीडपट प्यायचं, सावकाश. मीठ घातलेलं ताक, चिमूटभर मीठ टाकलेला जालन्याच्या मोसंबीचा रस, आणि सोबत जेवण, एवढ्यावर भागतं. फारच घाम गेला असेल तर ओआरएस. पण ते बनवताना लोक काय करतात ते मी डोळ्यांनी बघते. एक लिटरचं पाकीट पेलाभर पाण्यात ओतून गटकन पितात. पाकिटावर एक लिटर लिहिलंय तर एक लिटरच पाणी घ्यायचं. पाकीट नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. टेट्रापॅकमधलं गोड पेय म्हणजे ओआरएस नव्हे, कितीही फळांची चित्रं असोत. बीपीवाल्यांनी मिठाचं प्रमाण डॉक्टरांना विचारूनच.

टॉवेलबद्दल. जाड सोलापुरी टॉवेल चटईवर छान बसतो, पण तो दर वेळी धुवावा लागतो, आणि नळाला कित्येक दिवसांआड पाणी येणाऱ्या आपल्या गावात ही चैन परवडत नाही. मी चटईवर जाड टॉवेल अंथरते तो एकच, आणि अंग पुसायला, पाय पकडायला दोन पंचे. पंचा अर्ध्या बादलीत निघतो आणि गच्चीवर तासाभरात वाळतो. स्टुडिओत 'शॉवर आहे का' हे विचारू नका, शॉवर सगळीकडे आहे. 'टाकीत पाणी असतं का' हे विचारा.

कपडे सुती नकोत, सुती कुर्ता भिजून ओल्या गोणपाटासारखा अंगाला लटकतो. पटकन वाळणारा टी-शर्ट आणि पोटरीपर्यंतची लेगिंग पुरे. अवघडल्यासारखं वाटत असेल तर फक्त बायकांची बॅच आहे का विचारा, बहुतेक ठिकाणी असते. अंगाला, केसांना तेल नको. काचेच्या बांगड्या आणि मंगळसूत्र घरी ठेवून या. आमच्या स्टुडिओतल्या आरशाच्या कडेला टिकल्यांची एक रांगच आहे, घामाने सुटायच्या आधी प्रत्येकजण काढून तिथे चिकटवते आणि जाताना निम्म्या तिथेच राहतात.

प्रत्यक्ष खोलीत

दहा मिनिटं आधी जा आणि नुसतं बसा. जागा दाराजवळची, मागच्या रांगेतली, हीटरपासून लांब. सुरुवात उभ्याने दीर्घ श्वसनाने होते, हनुवटीखाली बोटं गुंफून. इथेच कपाळावर घाम फुटतो. मग अर्धचंद्रासन, उत्कटासन, गरुडासन. गरुडासनापर्यंत सगळ्यांना वाटतं, अरे, जमतंय की.

खरी परीक्षा पुढच्या आसनाला, दंडायमान जानुशिरासनाला. एका पायावर उभं राहायचं, दुसऱ्या पायाचा तळवा दोन्ही हातांनी धरून पाय समोर सरळ करायचा. तळवा घामाने निसटतो, उभ्या पायाची मांडी थरथरते, आरशात स्वतःचा लालबुंद चेहरा दिसतो. इथे पंचा तळव्याखालून घेऊन त्याची दोन टोकं धरा. आणि उभ्या पायाचा गुडघा पक्का होत नसेल तर दुसरा पाय उचलून धरण्यापलीकडे जाऊ नका. तिथे थांबलेलं आसन चुकीचं नसतं. घाम डोळ्यांत जात असेल तरच पुसा, सारखं पुसत बसलात तर श्वासाची लय तुटते. तोंडाने धापा टाकायला लागलात की नाकाने श्वास घेता येईपर्यंत बसून राहायचं.

उभी आसनं संपल्यावर शवासन येतं, दोनेक मिनिटांचं. त्यातून झटक्यात उठू नका. गरमीने त्वचेकडच्या रक्तवाहिन्या रुंदावलेल्या असतात, रक्त पायात उतरतं आणि मेंदूला क्षणभर कमी पडतं. कुशीवर वळा, हाताचा टेकू घ्या, मग उठा. बसल्या-झोपल्या आसनांत भुजंगासन, शलभासन वगैरे आपल्या ओळखीची आहेत, त्यावर वेगळं सांगत नाही. फक्त उष्ट्रासन जपून. मान मागे टाकली की मळमळतं, नव्या माणसाने हात कमरेवरच ठेवावेत. पश्चिमोत्तानासनात नेहमीपेक्षा चार बोटं जास्त वाकता येतं, त्याला भुलू नका. गरम अंगात ताण जाणवत नाही, दुसऱ्या दिवशी मांडीच्या मागे, बसायच्या हाडाजवळ कळ येते आणि ती महिनोन्‌महिने रेंगाळते. शेवटी वज्रासनात कपालभाती.

डोकं ठणकणं, मळमळ, पोटऱ्यांत गोळे, भर गरमीत अंगावर काटा येणं, यातलं एकही जाणवलं की बाहेर. शिक्षकांकडे बघायचं नाही, परवानगी मागायची नाही. बाहेर पाय वर करून पडा, घोट घोट पाणी. शेजारची व्यक्ती असंबद्ध बोलायला लागली, ओळखेना, किंवा कोसळली तर ती नुसती चक्कर नव्हे. ताबडतोब बाहेर काढून अंगावर पाणी ओता, काखेत-मानेला बर्फ लावा, वारा घाला आणि १०८ ला फोन करा. शुद्धीवर नसलेल्याच्या तोंडात पाणी घालू नका.

घरी आल्यावर

ओले कपडे पिशवीत ठेवून गप्पा मारत बसू नका. घामोळ्या निभावतात, गजकर्ण निभावत नाही. हल्ली ते इतकं चिवट झालंय की महिनोन्‌महिने हटत नाही, आणि त्याचं एक मोठं कारण म्हणजे 'तेवढी खाजेची ट्यूब द्या' म्हणून नेलेली स्टेरॉइड मिसळलेली मलमं. खाज दोन दिवसांत थांबते, बुरशी आतून पसरत राहते. चटई स्वतःची ठेवा, दुसऱ्याचा पंचा वापरू नका, जांघा आणि काखा कोरड्या करा, आणि गोल चट्टा दिसला तर त्वचारोगतज्ज्ञांकडे जा, माझ्याकडे ट्यूब मागायला नको.

डिसेंबर-जानेवारीत परतताना गाडीवर वारा झोंबतो. परभणीकडे तर पारा एक आकडी होतो. कोरडा टी-शर्ट, स्वेटर, स्कार्फ सोबत ठेवा. कुठल्याही ऋतूत, हलकं वाटत असलं तरी पंधरा मिनिटं बसून मगच गाडी काढा. जालना रोडच्या गर्दीत अंधारी आली तर सावरायला जागा नाही.

सुरू करायला दिवाळीनंतरचा काळ चांगला. पहिले दोन महिने आठवड्यातून दोनदा, मध्ये निदान दोन दिवस सोडून. चैत्र लागला की मी थांबते. बाहेर ४१-४२ अंश, रात्रीही घर तापलेलं, अशात अंगाला निवायला वेळच मिळत नाही, मग खोलीत आणखी तापवायचं कशाला? त्या दिवसांत हाच क्रम मी पहाटे साडेपाचला गच्चीवर करते. स्टुडिओवाले वर्षाची फी एकदम भरायला लावतात आणि सवलतही दाखवतात. ती घेऊ नका, तीन महिन्यांची भरा. वर्षाची भरायचीच असेल तर एप्रिल ते जून सदस्यत्व थांबवून पुढे जोडून मिळेल का हे विचारा, आणि 'हो' म्हणाले तर पावतीवर लिहून घ्या.